काशीदची निवड समिती

भाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. काशीदमध्ये त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. समोर असले की ‘भाऊ’, पाठ वळली की ‘निवड समिती’. समिती म्हटली की चार-पाच सदस्य, एक अध्यक्ष आणि एखादा रुसलेला माजी अध्यक्ष एवढं तरी लागतं. इथे हे सगळे भाऊच आहेत. रुसलेलेसुद्धा तेच.

अलिबागहून मुरुडची वाट धरायची, रेवदंड्याची खाडी पुलावरून ओलांडायची, साळाव, कोर्लई, बोर्ली मागे टाकायची, आणि रस्ता समुद्राला बिलगला की काशीद आलंच. पांढरी वाळू, घोडे, उंट, बनाना राइड, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला रूमच्या किल्ल्या हलवून दाखवणारी माणसं. भाऊंची टपरी सुरूच्या बनाला लागून. चहा, शहाळी, मॅगी, तव्यावरचे बांगडे, आणि आधी सांगून ठेवलं तर वहिनींच्या हातची सुरमई थाळी. शिवाय गावातल्या घरामागे चार खोल्या काढल्या आहेत, त्यातल्या दोन एसी. तिसरीला एसी आहे, पण तो चालू करू नका असं सांगण्यात येतं.

भाऊंपुढे काहीही आलं की त्याचे गुण ठरतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. बनातली कित्येक झाडं आडवी झाली, टपरीचे पत्रे उडून कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. रस्ता मोकळा झाल्यावर लोक एकमेकांची चौकशी करायला बाहेर पडले, तेव्हा भाऊ उघड्या खांबांकडे बघत म्हणाले, “जोर होता, पण प्लॅनिंग नव्हतं. पत्रे नेले नि खांब ठेवले.” वादळाला त्यांनी दहापैकी सहा दिले. तेवढे कुठल्याही कोचला आजवर मिळालेले नाहीत.

कोच हा भाऊंचा खास विषय. त्यातही कबड्डीचा, व्यावसायिक संघाचा, आणि पहिल्याच सीझनचा. जुन्या कोचचं काय, त्याचे आकडे सगळ्यांपुढे असतात, त्यात समितीला वाव राहत नाही. नव्या माणसाचं मात्र सगळंच तपासायचं असतं. तो बाकावर बसतो कसा, पाणी पितो कधी, पंचाशी बोलताना बोट दाखवतो की पंजा. पहिला सीझन संपला की भाऊ बिलबुकाचं मागचं पान उलटतात आणि निकाल लागतो. संघमालक आपला निकाल सावकाश लावतात, करार असतात, वकील असतात. भाऊंना अशी अडचण नाही.

या अधिकारामागे थोडा इतिहास आहे. रायगडात कबड्डीचं कौतुक कोणाला सांगायला लागत नाही. भाताची कापणी उरकली की मोकळ्या जागेत माती चाळून, पाणी मारून मैदान तयार होतं, बांबूला हॅलोजन चढतात आणि लाउडस्पीकरवरचा निवेदक पहाटेपर्यंत घसा फोडतो. रोख रक्कम आणि भव्य चषक, उत्कृष्ट चढाईला पंखा, उत्कृष्ट पकडीला मिक्सर. भाऊ तरुणपणी डावा कोपरा खेळत. एका चढाईपटूचा त्यांनी घोटा धरला आणि सोडला नाही, ही हकीकत काशीदला येणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा ऐकलेली आहे. सुरुवातीच्या काळात तो चढाईपटू शेजारच्या गावचा होता. पुढे तो जिल्ह्याचा झाला, मग एअर इंडियाचा. हल्ली भाऊ त्याचं नाव घेत नाहीत, ‘मोठा माणूस आहे, कशाला’ एवढंच म्हणतात. त्याच पकडीत गुडघा गेला. म्हणून भाऊ आज टपरीवर, नाहीतर कुठे असते हे तेही सांगत नाहीत. समुद्राकडे हात करतात.

26 जुलै 2014 ला वरळीच्या स्टेडियमवर प्रो कबड्डी सुरू झाली. मातीतला खेळ मॅटवर आला, चड्डीवर नाव आलं, आणि मुख्य म्हणजे बाकावर कॅमेरा आला. भाऊंच्या मते खरी क्रांती ही. तोवर कोच नावाचा माणूस मैदानाच्या कडेला टॉवेल घेऊन उभा असे आणि सामना संपल्यावर पोरांच्या चपला मोजत असे. आता त्याचा चेहरा घराघरात दिसू लागला. चेहरा दिसला की गुण देता येतात.

भाऊंचा पहिला नियम सोपा. संघ जिंकला तर पोरांनी जिंकला, हरला तर कोचने हरवला. हे अन्यायाचं आहे असं एकदा मी बोलून बघितलं. भाऊ म्हणाले, “अन्याय कसला? जिंकल्यावर चषक कोण उचलतं? कप्तान. मग हरल्यावर काहीतरी कोचने पण उचलायला नको?”

दुसरा नियम म्हणजे निकाल आधी आणि कारणं मागून. यासाठी ते अनुप कुमारचा दाखला देतात. पहिली पाच पर्वं तो यू मुंबाचा कप्तान. 2015 ला त्याने मुंबईला विजेतेपद मिळवून दिलं, 2016 ला अहमदाबादेत भारताचा कप्तान म्हणून विश्वचषक उचलला, आणि हे सगळं करताना त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. भाऊंच्या टपरीत त्याचा फोटो होता, गणपतीच्या शेजारी, जरा वर. मग 2019 ला अनुप कोच झाला, तोही पुणेरी पलटणचा, आणि पलटण बारा संघांत दहावी आली. “चेहरा!” भाऊ म्हणाले. “पहिल्यापासून सांगतोय, माणसाचा चेहरा हलत नाय. पोरांना कळणार कसं, हा खूश हाय की रागावलाय?” कप्तान असताना ज्या चेहऱ्याचे आठ मिळाले होते, त्याच चेहऱ्याचे कोच झाल्यावर दोन. फोटो त्यांनी काढला नाही, एवढी माणुसकी ठेवली. त्यावर पतसंस्थेचं कॅलेंडर लावलं. पुढच्या पर्वात अनुपच्याच हाताखाली पलटण प्लेऑफला पोचली, तेव्हा कॅलेंडर वीतभर डावीकडे सरकलं. अर्धा अनुप आजही दिसतो.

बी. सी. रमेशच्या बाबतीत तर समितीने कमाल केली. हा बंगळुरूचा माणूस. 2019 ला बंगाल वॉरियर्सला विजेतेपद देऊन मोकळा झालेला. 2022 ला पुण्याकडे आला आणि पहिल्याच सीझनमध्ये संघ अंतिम फेरीत. 17 डिसेंबरला मुंबईतच सामना झाला, जयपूर 33, पुणे 29.

“हरला ना?” भाऊंनी विचारलं.

“भाऊ, पलटण याआधी कधी फायनलला गेली नव्हती.”

“तेच म्हणतो मी. सवय नाय, तर फायनलला न्यायचं कशाला?”

साडेतीन गुण. पुढच्या पर्वात, 1 मार्च 2024 ला, याच रमेशच्या पलटणने हैदराबादेत हरयाणाला 28-25 ने हरवून चषक आणला. अस्लम इनामदार, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा पोर, कप्तान. भाऊंनी गाडीवाल्यांना चहा पाजला, फुकट नाही पण साखर जास्त घालून. आणि कोच? “संघ गेल्या वर्षीच तयार झाला होता, याने फक्त खेळवला.” मग गेल्या वर्षी तयार कोणी केला? भाऊंनी चहा गाळता गाळता क्षणभर विचार केला. “यानेच. पण तेव्हा तो शिकत होता.” त्याच्या पुढच्या पर्वात पलटण प्लेऑफलाही पोचली नाही, रमेश बंगळुरूला गेला, आणि भाऊंनी साडेतीनवर गोल केला. समितीचा पहिला निर्णयच कायम राहिला होता.

मग आला अजय ठाकूर. हिमाचलचा, पद्मश्री, पोलिसांत अधिकारी. 2016 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणने दम काढला असताना ज्याच्या चढायांनी सामना फिरवला, तो. त्याची बेडूकउडी काशीदच्या वाळूवर कितीतरी पोरांनी करून बघितली आणि कंबरेला लेप लावून घेतले. हा माणूस 2025 ला पलटणचा मुख्य कोच झाला. समितीचे कान टवकारले गेले.

बारावं पर्व सुरू झालं 29 ऑगस्टला, म्हणजे ऐन गणपतीत. दीड दिवसाचे आदल्या दिवशी गेले होते, गौरी यायच्या होत्या, भाऊंच्या घरी मुंबईची दोन बिऱ्हाडं उतरलेली. टीव्हीसमोर आरतीचं ताट, ताटामागे सोळा-सतरा डोकी, आणि सगळ्यांच्या मागे उंबरठ्यावर भाऊ, कारण उंबरठ्यावरून सगळं नीट दिसतं असं त्यांचं मत. पहिल्याच दिवशी पुण्याची गाठ पडली बंगळुरू बुल्सशी, आणि बुल्सच्या बाकावर कोण, तर रमेश! सामना बरोबरीत. टायब्रेकर. पुणे जिंकलं.

घरात टाळ्या झाल्या. मुंबईचे धाकटे काका म्हणाले, “भाऊ, नवा कोच पास!” भाऊ म्हणाले, “टायब्रेकरमध्ये कोचचं काय? हा संघ रमेशनेच बांधलाय. म्हणजे आज रमेश जिंकला.”

“अहो, तो समोरच्या बाकावर होता!”

“मग? जिंकला पण नि हरला पण. मोठा माणूस.”

रमेश मोठा माणूस आहे हे काशीदला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. भाऊंचा हा तिसरा नियम म्हणायला हवा: कोच चांगला होता हे तो गेल्यावर कळतं. हा नियम एकट्या भाऊंचा नाही. रवी शास्त्री असताना कुंबळे आठवतो आणि कुंबळे असताना शास्त्री, हा आपला राष्ट्रीय आजार आहे.

साखळीत पलटणने अठरापैकी तेरा सामने जिंकले आणि गुणतक्त्यात पहिला नंबर काढला. हे दोन महिने समितीसाठी फार कठीण गेले. पावसात किनाऱ्यावरचे धंदे बंद, टपरीला ताडपत्री, गिऱ्हाईक नाही, आणि संघ जिंकतोय. भाऊ उदास दिसू लागले. वहिनींना वाटलं पोट बिघडलंय, त्यांनी ओव्याचं पाणी दिलं.

दिवाळीच्या सुट्टीला किनारा पुन्हा भरला आणि भाऊंना माणसांत आल्यासारखं झालं. गाड्यांच्या रांगा लागल्या. आता भाऊंची एक कला सांगायला हवी, जी बघण्यासाठी एखाद्या शनिवारी टपरीवर मुद्दाम बसावं. गाडी थांबली की भाऊ आधी नंबरप्लेट बघतात. एमएच 12 किंवा 14 असेल तर कोच ‘आपला’. “आपल्या अजयने बचाव बांधला बघा.” मुंबईची प्लेट असेल तर आवाज खाली येतो. “पुण्याचं नशीब हो, बाकी यू मुंबासारखा संघ नाय.” गाडी एमएच 06, म्हणजे घरचीच असेल, तर भाऊ तव्यावरचं तेल पुसत म्हणतात, “कोणाला काय कळतंय? सगळे पैशाचे खेळ.” एकदा पुण्याच्या प्लेटची गाडी घेऊन दादरचं कुटुंब आलं. भाऊंनी पुण्याची पूर्ण स्तुती केली. मग लेकराने ‘मुंबा, मुंबा’ सुरू केलं, आणि भाऊंनी वाक्य न तोडता, फक्त एक ‘पण’ घालून, संघ बदलला. प्रो कबड्डीच्या लिलावात इतक्या सफाईने कोणी संघ बदललेला नाही.

31 ऑक्टोबर, शुक्रवार. सुट्टीतला शेवटचा शनिवार-रविवार तोंडावर, टपरीपुढे खुर्च्या कमी पडलेल्या. दिल्लीत अंतिम सामना, पुण्यापुढे दबंग दिल्ली. याच दिल्लीने क्वालिफायरमध्ये पलटणला टायब्रेकरवर हरवलं होतं, त्यामुळे तेलुगू टायटन्सला हरवून पलटण वळसा घालून अंतिम फेरीत पोचलेली. भाऊंनी मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. डाव्या हातात कालथा, उजव्या हाताने स्क्रीनवरचं पीठ पुसायचं. तव्यावर चार बांगडे. गिऱ्हाईक पिंपरी-चिंचवडचं, म्हणजे कोच अजून आपलाच.

शेवटची मिनिटं. फरक दोन-तीन गुणांचा. पुण्याचा आदित्य शिंदे चढाईला गेला, आणि दिल्लीच्या फजल अत्राचलीने त्याला धरलं. धरलं म्हणजे विषय संपवला. दिल्ली 31, पुणे 28.

टपरीवर सगळे गप्प. बांगड्यांचा वास बदलला तो आधी गिऱ्हाइकाला कळला.

आता पेच असा, की फजलला बोलायची सोय नाही. एक तर तो 2015 ला मुंबईच्या विजेत्या संघात होता, पुढे मुंबईचा कप्तान झाला, आणि 2022 ला रमेशच्या त्या पहिल्या सीझनमध्ये पुण्याचाही कप्तान तोच. महाराष्ट्राचं मीठ दोन्ही ताटांत खाल्लेला इराणी. आणि दुसरं, सगळ्यात मोठं, तो डावा कोपरा. भाऊ डावा कोपरा. “कोपऱ्याने कोपऱ्याचं काम केलं,” ते गंभीरपणे म्हणाले, आणि जुना गुडघा चोळला. आदित्य शिंदेलाही बोलता येईना, पोराने सामनाभर गुण आणले होते. दोन्हीकडचे रस्ते बंद झाले तेव्हा भाऊंची नजर बाकाकडे वळली.

“शेवटच्या चढाईला दुसऱ्याला पाठवायचं होतं.”

“कोणाला?” पिंपरीवाल्याने विचारलं. त्याला बांगडे जळल्याचा राग होताच.

“ते मी कसं सांगणार? ते कोचने ठरवायचं. पगार त्याला हाय.”

त्या रात्री गिऱ्हाईक पांगल्यावर बिलबुक उघडलं गेलं. ते पान मी पाहिलं आहे. वर तारीख, खाली ‘अ. ठाकूर, प. सीझन’. मग रकाने. चेहरा: 1. (‘हसतो’ असा शेरा.) टाइमआउट: 1. बदली खेळाडू: अर्धा. आवाज: 2, कारण पोलिसातला माणूस. नशीब: वजा अर्धा. नशिबाचे गुण भाऊ कापतात, नशीब चांगलं असेल तर. एकूण चार. तेरा विजय आणि अंतिम फेरी यांचा रकानाच नव्हता.

“भाऊ, गुणतक्त्यात पहिला आला त्याचं काय?”

“ते संघाच्या खात्यात टाकलं.”

मला राहून राहून त्या टाइमआउटच्या रकान्याचं नवल वाटतं. टाइमआउट अर्ध्या मिनिटाचा. कोच आपल्याला दिसतो, ऐकू येतो, तो एवढाच. घामेजलेली सात पोरं गोल उभी, मध्ये तो काहीतरी हरयाणवी-हिंदीत ओरडतो, माइक पुढे येतो, आणि आपण ठरवतो की याला कबड्डी कळते किंवा नाही. जे खरं काम आहे ते आधीच होऊन गेलेलं असतं. त्या साली मे अखेरीस लिलाव झाला, प्रत्येक संघाच्या थैलीत पाच कोटी, त्यातून हवा तो खेळाडू मिळाला तर मिळाला. मग सरावाचे महिने. कोपरा आणि कव्हर यांनी एकाच श्वासाला पुढे यायचं, एक हलला की दुसऱ्याने साखळी सोडायची नाही, तिसऱ्या चढाईला, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा अशी वेळ आली की कोणाच्या पायात कापरं भरतं ते ओळखून ठेवायचं. हे टीव्हीवर येत नाही. आणि आलं असतं तरी भाऊंनी चॅनेल बदललं असतं. सरावात हरणारं कोणी नसतं, मग गुण कापणार कोणाचे?

चौथा नियम ‘आपला माणूस’. महाराष्ट्रात कबड्डी वाढवली कोणी, तर बुवा साळव्यांसारख्यांनी; त्यांच्या जन्मदिवशी, 15 जुलैला, इथे कबड्डी दिन करतात. मग पुण्याच्या बाकावर हिमाचलचा आणि बंगळुरूचा माणूस कशाला, हे भाऊंचं जुनं गाऱ्हाणं. त्यावर कोणीतरी नाशिकच्या शैलजा जैन यांचं नाव काढतं, आणि समितीत फूट पडते. शैलजाताई इराणच्या मुलींच्या कोच झाल्या, आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 ने हरवून सुवर्ण नेलं. सामना संपला तेव्हा भाऊ चिडले: “आपल्या बाईने आपल्यालाच!” संध्याकाळी ते म्हणाले, “आपल्या बाईने बघा!” रात्री जेवताना वहिनींनी विचारलं, की मग तिला इथे कोणी का नाही नेमलं, तेव्हा भाऊंनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि ती बराच वेळ तोंडालाच राहिली. शैलजाताईंचं पान बिलबुकात कोरं आहे. वहिनी म्हणतात, दहापैकी दहा लिहायला हात धजत नाही, एवढंच.

समितीचं काम फक्त मॅटपुरतं असतं तर घरच्यांना सुख लागलं असतं. त्याच दिवाळीपासून खोल्यांचं बुकिंग पुतण्याकडे दिलं. पोऱ्या हुशार, फोनवर गोड बोलतो, फोटो टाकतो, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय किल्ली देत नाही. त्याचाही हा पहिला सीझन. दहा दिवसांत एक रात्र सोडली तर चारही खोल्या भरलेल्या. भाऊंनी त्याला समोर बसवलं. “खोल्या भरल्या त्या सुट्टीमुळे. एक रिकामी राहिली ती तुझ्यामुळे.” पोऱ्या म्हणाला, “काका, ती एसी न चालणारी.” भाऊ म्हणाले, “साधनं नाहीत म्हणून रडतो तो कोच कसला?” त्याला चार दिले. अजय ठाकूरएवढेच मिळाले म्हणून तो दोन दिवस खूश होता.

भाऊंचा भाचा पुण्यात आयटीत आहे. रात्र जागून अमेरिकेतलं बास्केटबॉल बघतो आणि दिवसा ऑफिसात झोपतो असं भाऊ सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत तो आला होता, आणि मामांची ही गुणपत्रिका बघून त्याला राहवलं नाही. त्याने पॉपोविचची गोष्ट काढली. सॅन अँटोनियो स्पर्सचा ग्रेग पॉपोविच. आधी तो संघाचा व्यवस्थापक. 1996 च्या डिसेंबरात त्याने कोचला काढलं आणि त्या जागी स्वतःलाच नेमलं.

“ग्रामपंचायतीत असंच करतात,” भाऊ म्हणाले. त्यांना माणूस आवडू लागला.

“त्या सीझनमध्ये त्याने सतरा सामने जिंकले आणि सत्तेचाळीस हरला.”

भाऊंनी कालथा खाली ठेवला. “सत्तेचाळीस?”

“हो. त्यांचा मोठा खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जखमी होता. पुढच्या वर्षी टिम डंकन आला. 1999 ला पहिलं विजेतेपद. एकूण पाच. 2025 पर्यंत हाच माणूस त्या संघाचा कोच होता, मामा. पहिल्या सीझनवर काढला असता तर?”

“आपल्याकडे असता तर नारळ हातात पडला असता,” भाऊ म्हणाले. “सत्तेचाळीस हरल्यावर लोक थांबतात? तिकडे माणसांना कामधंदे असतील.”

भाच्याने मग पुण्याचीच आठवण काढली. 2015 ला आपल्याकडेही व्यावसायिक बास्केटबॉलची लीग निघाली होती, तिच्यात ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघ होता, मुंबईचा ‘चॅलेंजर्स’. तीनेक वर्षांत सगळं गुंडाळलं. कोचला सीझन पुरवायचे तर आधी लीग तरी टिकायला हवी, असा त्याचा मुद्दा. भाऊंना त्यातलं एवढंच पटलं, की पेशव्यांच्या कोचला गुण द्यायचे राहून गेले. त्यांना खरंच चुटपुट लागली. न तपासलेला पेपर घरात पडून असावा तशी.

थंडी पडली, कापण्या उरकल्या, आणि आसपासच्या गावांत मैदानं चाळायला सुरुवात झाली. एका संध्याकाळी मंडळाची पोरं टपरीवर आली. नेहमीचे मास्तर बदलीने गेले होते. संघाला कोच हवा होता. अध्यक्ष झालेला पोऱ्या जरा धीट, तो म्हणाला, “भाऊ, सगळ्या महाराष्ट्राच्या कोचना तुम्ही शिकवता, यंदा आम्हाला घ्या.”

चिमटा होता की श्रद्धा ते कळलं नाही. भाऊंना श्रद्धाच वाटली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पोरांना चहा सांगितला आणि हिशेबाचा नवा कागद घेतला. माणूस बदललाच. बोलणं सावकाश झालं. संघ बांधणं म्हणजे काय असतं, वेळ कसा लागतो, खेळाडूचा स्वभाव ओळखायला एक पावसाळा मध्ये जावा लागतो, लोकांना घाई असते पण लोकांना काय कळतं, असं बरंच काही. पुतण्या आत ग्लास विसळत होता, तो हातातला ग्लास तसाच धरून ऐकत राहिला.

“माझ्या अटी लिहून घ्या,” भाऊ म्हणाले. “पहिली. डाव्या कोपऱ्यात कोण उभा राहील ते मी ठरवणार. दुसरी. हरलो तर चढाईपटूंना विचारायचं, मला नाय. तिसरी अट महत्त्वाची. पहिल्या सीझनवर कोचला जोखायचं नाय. तीन सीझन मला कोणी बोलायचं नाय. अमेरिकेत तो पापोविच हाय, सत्तेचाळीस हरला तो. सत्तेचाळीस! लोकांनी धीर धरला, म्हणून पाच कप आले. धीर पाहिजे. तीन सीझन द्या, मग मार्क द्या.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी अध्यक्षच बोलला.

“भाऊ, स्पर्धा एका रात्रीची आहे.”

भाऊंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठून तवा चढवला.

“मग आधी सांगायचं ना! एका रात्रीला कोच कशाला लागतो? पोरं चांगली असली की झालं.”